दात कुत्र्याचे, देणे धन्याचे



सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी त्या वेळी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरीवर होतो. राहायला आवार असलेले सरकारी घर होते आणि त्या आवारात माझा मोत्या नावाचा कुत्रा असे. आमच्याकडे दूध घालायला गवळ्याचा नऊदहा वर्षांचा मुलगा येई. एके दिवशी सकाळी फिरून आल्यावर फाटकाची कडी लावायला मी विसरलो. मुलगा बाहेर रस्त्यावर सायकल टेकवीत होता. मोत्या उघड्या फाटकातून बाहेर धावला आणि त्याने मुलाची पोटरी धरली. आरडाओरडा ऐकून मी धावत गेलो. दूध रस्त्यावर सांडले होते, मुलगा जमिनीवर बसला होता, आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे: "अहो, तो कधी चावत नाही हो!"

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. मुलाच्या पायातून रक्त वाहत होते आणि मी कुत्र्याच्या चारित्र्याची ग्वाही देत होतो. एवढ्यात मुलाचा बाप आला. मी खिशातून दोन पाचशेच्या नोटा काढून त्याच्यापुढे धरल्या. त्या त्याने घेतल्या नाहीत. तो म्हणाला, "पैशाचं मागनं बघू, सायेब. आदी पोराला दवाखान्यात घिऊन चला, आन् तितं कागदावर लिवा, कुत्रं तुमचं हाय म्हून."

मी क्षणभर थबकलो. सरकारी नोकराला कागदाची किंमत पुरी ठाऊक असते. नोट दिली की विषय संपतो. कागदावर नाव आले की विषय सुरू होतो. त्या अशिक्षित माणसाने कायद्याचे पुस्तक कधी उघडले नसेल, परंतु कायद्याचे मर्म त्याला माझ्यापेक्षा अधिक कळले होते. ते मर्म कोणते, हे आज आपणांस सांगावे असा माझा हेतू आहे.

प्रथम जखमेविषयी बोलतो, कारण कायदा थांबू शकतो, जखम थांबत नाही. कुत्रा चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून निदान पंधरा मिनिटे धुवावी. तीवर हळद, चुना, तिखट असले काही चोळू नये. त्यानंतर थेट दवाखान्यात जावे. पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, एकदा प्रकट झाला की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र तो प्रकट होण्यापूर्वी लस वेळेवर मिळाली तर त्याला हमखास रोखता येते. १८८५ साली पाश्चरने पॅरिसमध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस प्रथम टोचली, तेव्हापासून मानवजातीच्या हाती हे शस्त्र आलेले आहे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुनी धास्ती आता मनातून काढून टाकावी. ती लस केव्हाच मागे पडली. आजची लस दंडात, ठरलेल्या दिवशी, चारपाच वेळा घ्यावयाची असते. रक्त आलेली जखम असेल तर जखमेच्या भोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. कुत्र्याला लस टोचलेली आहे, असे धन्याने सांगितले म्हणून आपले उपचार टाळू नयेत.

आता उत्तरदायित्वाकडे वळू. जनावराने केलेल्या अपायाबद्दल त्याच्या धन्याला जबाबदार धरण्याची कल्पना काही इंग्रजांनी आपल्याकडे आणलेली नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात दाताच्या आणि शिंगांच्या जनावरांविषयी नियम आहे. आपल्या जनावरापासून दुसऱ्याला सोडविण्याचे सामर्थ्य असूनही जो धनी सोडवीत नाही, त्याला प्रथम साहसाचा दंड सांगितला आहे. आणि त्या माणसाने हाका मारल्या असताही धनी स्वस्थ राहिला, तर दंड दुप्पट. येथे स्मृतिकाराने कुत्र्याच्या स्वभावाची चौकशी केलेली नाही. त्याने धन्याला एवढेच विचारले आहे: तुला आवरता येत होते, मग तू का आवरले नाहीस?

इंग्रजांच्या जुन्या कायद्याची वाट थोडी निराळी होती. वाघ-अस्वलासारखे हिंस्र जनावर पाळणारा माणूस त्याने केलेल्या अपायाला सर्वस्वी जबाबदार मानला जाई. कुत्रा हा माणसाळलेला प्राणी असल्यामुळे, त्याच्या चावऱ्या स्वभावाची धन्याला पूर्वकल्पना होती हे सिद्ध करावे लागे. त्यावरूनच, कुत्र्याला पहिला चावा माफ असतो, अशी समजूत लोकांत रूढ झाली. माझे "तो कधी चावत नाही" हे वाक्य याच समजुतीचे अपत्य होते. पण ही समजूत अर्धीच खरी आहे. पूर्वकल्पना सिद्ध झाली तर धन्याचा निष्काळजीपणा निराळा दाखवावा लागत नाही, इतकाच त्या नियमाचा अर्थ. पूर्वकल्पना नसली तरी निष्काळजीपणाची जबाबदारी शिल्लक राहतेच. फाटक उघडे टाकणे, साखळी न बांधता कुत्र्याला रस्त्यावर नेणे, दहा वर्षांच्या पोराच्या हाती दांडगा कुत्रा सोपविणे, ही सारी निष्काळजीपणाची उदाहरणे होत. आपल्या देशात श्वानदंशाच्या नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र अधिनियम नाही. अपकृत्याची ही सामान्य तत्त्वेच आपली न्यायालये लागू करतात. म्हणून आपण पुण्यात राहत असा, इंदुरात, बडोद्यात की बेळगावात, पाया एकच आहे. कुत्र्याचा परवाना आणि त्याची नोंदणी यांविषयीचे नगरपालिकांचे नियम तेवढे ठिकठिकाणी भिन्न असतात.

येथे 'कुत्र्यापासून सावध राहा' या पाटीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ही पाटी लावली की आपण मोकळे झालो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती दुधारी आहे. रात्री कुंपणावरून उडी मारून येणाऱ्याविरुद्ध ती उपयोगी पडेल. परंतु टपाल, दूध, वर्तमानपत्र घेऊन हक्काने दाराशी येणाऱ्या माणसाला जर कुत्रा चावला, तर आपल्या कुत्र्याचा स्वभाव धन्याला ठाऊक होता, याचा पुरावा म्हणून हीच पाटी त्याच्यावर उलटू शकते. जखमी माणसाने कुत्र्याला डिवचले असेल, दगड मारला असेल, तर त्याच्या दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी होऊ शकते. मात्र लहान मुलाकडून प्रौढाच्या सावधगिरीची अपेक्षा न्यायालय करीत नाही.

जखमी माणसापुढे दोन मार्ग असतात, आणि ते एकमेकांच्या आड येत नाहीत. पहिला फौजदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी व्यवस्था ठेवण्यात जो जाणूनबुजून वा निष्काळजीपणे कसूर करतो, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंडसंहितेत कलम २८९ होते आणि दंडाची मर्यादा एक हजाराची होती. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तक्रार नोंदवून तपास करता येतो. आरोपीस शिक्षा देताना जखमी माणसाला भरपाई देण्याचा हुकूमही न्यायालय करू शकते. तो अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आहे. मात्र या मार्गाला धीर लागतो. मुंबईत २०१० साली घडलेल्या एका श्वानदंशाच्या प्रकरणात कुत्र्याच्या मालकाला दंडाधिकाऱ्यांनी तीन महिन्यांची कैद सुनावली ती २०२३ च्या जानेवारीत!

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. दुखापत जेथे झाली तेथील किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायालयात हा दावा लावता येतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी वा पगार, जाण्यायेण्याचा खर्च, पुढे लागणारे उपचार, आणि यांखेरीज वेदना, व्रण व मनात बसलेली धास्ती, या सर्वांबद्दल भरपाई मागता येते. मुदत सामान्यतः तीन वर्षांची आहे. अज्ञान मुलाच्या बाबतीत ती मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजली जाते, तरी त्याच्या वतीने वादमित्र म्हणून आईबापांनी ताबडतोब दावा लावणेच शहाणपणाचे, कारण वर्षे लोटली की साक्षीदार विखुरतात आणि कागद हरवतात.

आणि कागद हाच येथे खरा आधार आहे. दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरवर कुत्रा कोणाचा, कोठे आणि किती वाजता चावला, हे लिहून घ्यावे. जखमेची छायाचित्रे काढावीत. औषधांची प्रत्येक पावती आणि लशीचे कार्ड जपून ठेवावे. पाहणाऱ्यांची नावे टिपावीत. कुत्र्याचा परवाना व त्याच्या लशीचा दाखला मागावा, आणि दहा दिवस कुत्रा जिवंत व निरोगी राहतो की नाही यावर लक्ष ठेवावे. मग पोच मिळेल अशा रीतीने धन्याला लेखी मागणी पाठवावी. वकिलाच्या खर्चाची भीती पुष्कळांना गप्प बसविते. परंतु १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य विधी साहाय्याचा हक्क आहे. लोकअदालतीत झालेली तडजोड तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते.

आपण विचाराल की, ज्याला धनीच नाही अशा कुत्र्याचे काय? हा प्रश्न नवा नाही. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने मुंबईतील भटके कुत्रे मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला, बाजार बंद पडले आणि दंगा शमविण्यासाठी सैन्य आणावे लागले. कुत्र्याविषयीची दया आणि कुत्र्याची भीती, दोन्ही आपल्या समाजात जुन्या आहेत. आज भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचे काम २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांकडे दिले आहे. या कामात कसूर झाली, म्हणून माणूस जखमी झाला, तर त्याचा भार त्याने एकट्याने का सोसावा? केरळातील अशा जखमी लोकांच्या भरपाईचे दावे तपासण्यासाठी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. २०२३ च्या नोव्हेंबरात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर मोजमापच ठरवून दिले: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान दहा हजार रुपये, आणि मांस सुटून आले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान वीस हजार. ही रक्कम प्रथम राज्याने द्यावी आणि मग कसूर करणाऱ्या संस्थेकडून किंवा खासगी धन्याकडून वसूल करावी, असे ते तत्त्व आहे. हा निर्णय त्या न्यायालयाच्या क्षेत्रापुरता बंधनकारक असला, तरी इतरत्र मार्गदर्शक म्हणून त्याचा आधार घेता येतो. मात्र ध्यानात ठेवावे की सार्वजनिक संस्थेने कायद्यानुसार करावयाच्या कामातील कसुरीबद्दलच्या दाव्याला एकाच वर्षाची मुदत लागू शकते. म्हणून तेथे दिरंगाई मुळीच करू नये.

२०२५ च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे निवाऱ्यात हलविण्याचा आदेश प्रथम दिला. त्याच महिन्यात तो बदलून, नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडावेत, पिसाळलेले व आक्रमक मात्र सोडू नयेत, आणि अन्न ठरलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्रे हलविण्याचा आदेश झाला. दया आणि सुरक्षितता यांचा मेळ घालण्याची ही धडपड आहे. दया करणाऱ्याने तिची किंमत आपल्या खिशातून द्यावी, शेजारच्या पोराच्या पोटरीतून नव्हे, एवढे तत्त्व दोन्ही पक्षांनी मान्य करण्यास हरकत नसावी.

आता पुन्हा त्या सकाळकडे येतो. मी दवाखान्यात गेलो. केसपेपरवर माझे नाव व पत्ता लिहून दिला, आणि खाली सही केली. लशीच्या प्रत्येक खेपेला मुलाला मीच घेऊन गेलो. बापाचे बुडालेले दिवस, सांडलेले दूध आणि औषधे यांचा हिशेब झाला. त्यावर व्रणाबद्दल आम्ही दोघांनी मिळून एक रक्कम ठरविली आणि ती पावती घेऊन पोचती केली. पावती मागितली तीही गवळ्यानेच! "तुमालाबी उद्या कुनी इचारू नये, सायेब," असे तो म्हणाला. मोत्या दहा दिवसांनंतरही धडधाकट होता.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटले. परंतु त्या मुलाने आमच्या घरी दूध घालणे सोडले ते कायमचेच. बाप स्वतः येऊ लागला. माझी बदली होईपर्यंत तो मुलगा मला अनेकदा दिसे. शाळेला जाताना आमच्या फाटकावरून जाणारा जवळचा रस्ता सोडून तो मागच्या गल्लीने वळसा घालून जाई. त्या वळशाची भरपाई कोणत्या कलमाखाली द्यावी, ते मला अजून सापडलेले नाही. मला एवढेच करता येते की, घरी आल्यावर फाटकाची कडी लावतो, चार पावले पुढे जातो, आणि ती लागली आहे की नाही हे मागे वळून पुन्हा एकदा पाहतो.