ई-सिगारेट : वाफ नव्हे, व्यसन
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. तरीही हा विषय मी मागून घेतला. कारण हे व्यसन घरात शिरले तरी आई-वडिलांच्या लक्षात येत नाही. विडीचा वास कपड्यांना लागतो. ई-सिगारेट मात्र पेनसारखी दिसते आणि वास येतो आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा.

मुले म्हणतात, "यात धूर नाही, नुसती वाफ आहे." पण ती पाण्याची वाफ नव्हे. बॅटरीवर तापणाऱ्या तारेने एक द्रव तापवला जातो. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि बहुधा निकोटीन असते. तापल्यावर फॉर्माल्डिहाइडसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. निकेल, शिसे यांचे कणही छातीत जाऊ शकतात.

मेंदूची वाढ साधारण २५ व्या वर्षापर्यंत चालू असते. त्या वयात निकोटीनची सवय लवकर जडते; अभ्यासातले लक्ष आणि मनावरचा ताबा सुटू लागतो. "सिगारेटपेक्षा कमी घातक" ही तुलना जुन्या धूम्रपान करणाऱ्याने करावी. ज्याने विडीला हातही लावला नाही, त्या मुलाने तुलना करायची ती स्वच्छ हवेशी!

अमेरिकेत २०१९-२० मध्ये अशा उपकरणांमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०० हून अधिक लोक इस्पितळात गेले, ६८ दगावले. बहुतेकांनी गांजातील अमली द्रव्य असलेला, चोरट्या बाजारातला माल ओढला होता. त्यात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट मुख्यतः भोवले. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठा, जाहिरात सारे बंद आहे. म्हणजे इथे मिळते ती चोरूनच. तिच्यात काय भरले आहे, हे कोण सांगणार?

पालकांना एक विनंती. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, तो विकणाऱ्याला. ओढणाऱ्या मुलासाठी तुरुंग नाही, उपचार आहे. म्हणून त्याला मारून गप्प करू नका. जवळ बसवा, बोलते करा, डॉक्टरकडे न्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा १८०० ११ २३५६ हा मोफत दूरध्वनी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पहिला झुरका मित्र फुकट देतो. बँकेतल्या माणसाचे एवढे ऐका : ज्या कर्जाचे व्याज आधी सांगत नाहीत, त्या कागदावर सही करू नये.