महाविद्यालयातील दोन पिढ्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज गुणगौरवाचा दिवस. या सभेत महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली आहेत; तशीच तेथे शिकविणारी, कचेरी व ग्रंथालय सांभाळणारी आपली वडीलधारी मंडळीही आहेत. वडील म्हणतात, ‘हल्लीच्या मुलांना आदर उरला नाही.’ मुले म्हणतात, ‘सरांना आमचे काही कळत नाही.’ आमच्या अल्पमतीप्रमाणे हा कोणाच्या स्वभावाचा दोष नव्हे. दोन पिढ्यांकडे विद्या दोन निराळ्या वाटांनी आली, त्याचा हा परिणाम होय.

जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. तत्पूर्वी आपल्या भागातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होती. त्या काळी शिकलेल्यांना पुस्तके दुर्मिळ होती; सरांनी सांगितलेले वहीत उतरविणे हाच अभ्यास. ज्याच्या मुखी विद्या, त्याच्यापुढे नम्र होणे ओघानेच येत असे.

आता तरुणांकडे पाहू. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या शहादे तालुक्यातील टेंभली गावी देशातील पहिले आधारपत्र दिले गेले. तेव्हा लहान असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. प्रवेश, शिष्यवृत्ती, निकाल, सारे त्यांना मोबाईलवर पाहावे लागते. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा त्यांची शाळकरी वर्षे त्या लहानशा पडद्यापुढे गेली; आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांत, जेथे ‘रेंज’च नव्हती, तेथे कित्येकांना तोही पडदा लाभला नाही. वर्गात उठून प्रश्न विचारण्याची सवय अशा मुलांना कोठून व्हावी?

त्यात भाषेची अडचण. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शेकडा सुमारे ६९ लोक आदिवासी असून, साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होते. राज्याचे ८२ होते. घरात भिली, पावरी, मावची, अहिराणी वा गुजरी, आणि वर्गात ग्रांथिक मराठी! घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला मुलगा गप्प बसला, तर तो उद्धट नसतो. मनात वाक्य जुळवीत असतो.

आमच्या माहितीतील एक उदाहरण सांगतो. एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज बँकखाते आधारशी जोडलेले नाही म्हणून परत आला. कचेरीतील गृहस्थ म्हणाले, ‘सगळे मोबाईलवर आले आहे, तुम्हां मुलांना तर ते आमच्याहून अधिक कळते.’ ते गृहस्थ दुष्ट नव्हते; तिला कळत असेल असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटले. परंतु मोबाईलवर चित्रे पाहणे निराळे आणि सरकारी अर्ज भरणे निराळे. पुन्हा विचारण्याचा तिला संकोच वाटला. मुदत टळली, आणि पुढील वर्षी ती घरी बसली. एका गैरसमजाची ही किंमत!

नंदुरबार नगरीने ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याच्या सवंगड्यांचे बलिदान पाहिले. ज्या गावाचा अभिमान एका शाळकरी मुलाच्या नावाशी जोडलेला आहे, त्या गावाने तरुणांना पोरकट म्हणून झिडकारू नये. आणि तरुणांनीही याच खानदेशातील साने गुरुजींचे स्मरण ठेवावे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकविताना ते वसतिगृहात मुलांमध्ये राहिले. मुलांच्या घरची स्थिती जाणणारा शिक्षक त्यांना परका वाटत नाही.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. शिक्षक व कर्मचारी बंधूंनी सूचना केवळ मोबाईलवर न पाठविता वर्गात वाचून दाखवावी, आणि विद्यार्थ्यास समजली की नाही हे विचारावे. विद्यार्थ्यांनी एका उत्तरावर माघारी फिरू नये. नम्रपणे, परंतु पुन्हा विचारावे. आणि मंडळाने दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक मदतकक्ष उघडावा. तेथे नियम जाणणारा एक निवृत्त कर्मचारी आणि यंत्र जाणणारा एक विद्यार्थी शेजारी बसावेत, आणि कोणत्याही जातीचे मूल आले तरी त्याचा अर्ज भरून द्यावा. एका बाकावर बसून काम केल्याने जे उमजते, ते शंभर उपदेशांनी उमजत नाही.