विहिरीचे पाणी आणि वीज वाहणारे प्लास्टिक

मुदखेडच्या शिवारातले विहिरीचे पाणी ओंजळीत घ्या; नितळ दिसेल, गोडही लागेल. पण खतातून आलेले नायट्रेट काही जिभेला कळायचे नाही. लिटरला 45 मिलिग्रॅम ही आपली मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळाला धोका.

प्लास्टिकातून वीज जात नाही, असे आपण शाळेत घोकले. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड, हीगर यांनी आयोडीन मुरवलेल्या पॉलिअ‍ॅसिटिलीनमधून ती वाहवून दाखवली. 2000 साली नोबेल मिळाले. अशाच पॉलिअ‍ॅनिलीनच्या हिरव्या लेपात तांब्याचे अतिसूक्ष्म कण बसवले, की नायट्रेट तिथे इलेक्ट्रॉन घेते, आणि तो बारीकसा प्रवाह मोजता येतो. मात्र विहिरीतले इतर क्षार मध्ये लुडबुडतात. प्रयोगशाळेतला आकडा बांधावर खरा उतरेलच, असे मी तरी म्हणणार नाही.

तोवर नमुना तपासायला द्या. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते, ते दाटते.