आहे त्याच सामानात



घराची पुढची खोली कोणाची? तिला नावं पुष्कळ आहेत. कोकणात ओटी, देशावर सोपा, कुठे बैठक, आणि आता बहुतेक गावांत सरसकट हॉल. नाव काही असो, ती पाहुण्यांची खोली, असं आपण धरून चाललेलो असतो. पाहुणे येतात महिन्यातून दोनदा. उरलेले दिवस घरची माणसं तिच्यात अंग चोरून वावरतात. आज त्या खोलीविषयी बोलायचं आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, बाजारातून काहीही आणायला मी सांगणार नाही.

माझ्या एका शेतकरी मित्राची खोली डोळ्यांसमोर आणा. लांबी १४ फूट, रुंदी १० फूट. पूर्वेला रस्त्याकडे दार आणि दारालगत मोठी खिडकी. उत्तरेला एक लहान खिडकी. पश्चिमेच्या भिंतीत माजघराचं दार. सामान म्हणाल तर मुलाच्या लग्नात आलेला सोफा आणि त्याच्या दोन सुट्या खुर्च्या, एक दिवाण, लोखंडी कपाट, काचेचं शोकेस आणि मधोमध टीपॉय. खोली १४० चौरस फुटांची, त्यातली साठेक चौरस फूट या सामानानं अडवलेली. मोठ्या खिडकीला पाठ लावून सोफा, लहान खिडकीच्या तोंडावर कपाट, आणि दिवाण अंधाऱ्या कोपऱ्यात. त्यावर कोणी बसत नसे, वाकळांचा ढीग मात्र छतापर्यंत!

आता घरची माणसं कुठे होती ते पाहा. मित्राची आई, तिला सारा गाव आजी म्हणतो, ती मागच्या पडवीत चुलीच्या धुरात बाजेवर. गुडघे धरल्यापासून तिला ओट्याच्या पायऱ्या उतरवत नाहीत. जन्मभर जी ओट्यावर बसून गल्लीची विचारपूस करत होती, तिला आता रस्ता दिसेनासा झाला होता. दहावीतली मुलगी जमिनीवर पाट घेऊन बसायची. दिवा पाठीमागे, म्हणून वहीवर तिचीच सावली. मित्र मला म्हणाला, "मास्तर, खोली लहान पडते. एक खोली वाढवावी म्हणतो." खोली वाढवायची म्हणजे कर्ज. मी म्हटलं, एक रविवार मला द्या, मग कर्जाचं बोलू.

शिक्षक बंधुभगिनींनो, पुढचा भाग तुमच्या कामाचा आहे. मुलीकडून चौकटीची वही मागवली. एक चौकट म्हणजे अर्धा फूट, असं प्रमाण धरलं. खोली झाली २८ चौकटी लांब, २० रुंद. मग प्रत्येक सामानाचं माप टेपनं घेऊन तेवढे कागदाचे तुकडे कापले. सोफा ६ फूट बाय अडीच, म्हणजे १२ चौकटी बाय ५. कपाट ३ फूट बाय दीड, म्हणजे ६ बाय ३. हे तुकडे कागदावर सरकवायचे. कपाट दहा वेळा हलवलं तरी कंबर धरत नाही! प्रमाणाचं गणित मुलांना असं शिकवून पाहा. पाचवी-सहावीचीसुद्धा घरी जाऊन बापाला दाराची रुंदी विचारतील.

पण तुकडे सरकवण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. या खोलीत रोज कोण बसतं, काय करतं, आणि त्याला उजेड कुठून हवा? सोफा कुठे शोभेल, हे त्यानंतर.

आमचं उत्तर असं निघालं. कपाट हटवून उत्तरेची खिडकी मोकळी करायची. उत्तरेचा उजेड दिवसभर साधारण सारखा असतो, डोळ्यांवर ऊन येत नाही. माळ्यावरचं पत्र्याचं घडीचं टेबल तिथे मांडलं. पूर्वेकडे तोंड करून बसलं की खिडकी डाव्या हाताला येते. उजव्या हातानं लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. रात्रीचा दिवाही त्याच बाजूला. ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो, पण तो डोक्यामागे लावला तर काय उपयोग?

मोठ्या खिडकीखाली दिवाण आणला. आजीची दिवसाची जागा ती. म्हाताऱ्या माणसाला बाजेवरून उठणं कठीण, कारण बाज मध्ये खोल जाते. बैठक सपाट आणि साधारण दीड फूट उंच असली, की पाय जमिनीला टेकतात आणि उठताना जोर लागत नाही. दिवाण बुटका होता, म्हणून चारही पायांखाली लाकडी ठोकळे दिले. टीपॉय मधून उचलून तिच्या उशाशी ठेवलं, पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी त्यावर. मधली जमीन मोकळी झाली. सतरंजी टाकली की पंगत बसते.

एक चूक मात्र झाली, तीही सांगतो. कपाट आम्ही माजघराच्या दाराशेजारी लावलं. कागदावर छान बसत होतं. प्रत्यक्षात कपाटाचं दार उघडलं, तर आतून येणारी वहिनी तिकडेच अडकली! उघड्या दाराला दीड फूट जागा लागते, हे मापात धरलंच नव्हतं. पुन्हा रिकामं केलं, पायांखाली गोणपाट घालून दक्षिणेच्या भिंतीकडे सरकवलं. तिथेही भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवलं, म्हणजे पावसाळ्यात ओल लागून पाठ गंजत नाही आणि वाळवी दिसते.

खरी अडचण सोफ्याची आली. तो सूनबाईच्या माहेरचा. दर्शनी जागा सोडून तो मागे सरकतो आहे, म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. बोलली काही नाही. मग मीच विचारलं, "ताई, या सोफ्यावर तुम्ही कितीदा बसलात?" ती हसली. दोन वर्षांत एकदाही नाही. सोफा पश्चिमेच्या भिंतीला, थेट दारासमोर मांडला. आत येणाऱ्याची पहिली नजर त्यावरच पडते. सुट्या खुर्च्यांपैकी एक दिवाणाजवळ, आजीला भेटायला येणाऱ्यासाठी. दुसरी माजघरात, सूनबाईची स्वतःची.

टीव्ही शोकेसवर, मुलीच्या तोंडासमोर येणार नाही असा. तो किती वाजता बंद व्हायचा, हा प्रश्न सामानाचा नाही, घरातल्या तहाचा आहे.

सजावटीचं थोडक्यात. भिंतीवर जुनी तीन कॅलेंडरं होती, ती उतरवली. पूर्वजांच्या तसबिरी चार भिंतींवर विखुरलेल्या, त्या एका ठिकाणी आणल्या आणि वीतभर खाली घेतल्या. आपण बसून पाहतो, उभे राहून नाही. रुखवताच्या वस्तू शोकेसमध्ये दाटीनं कोंबलेल्या. त्यांतल्या तीनच बाहेर ठेवायच्या, सण बदलला की वस्तू बदलायच्या. रंग फार नकोत. वारली चित्रात गेरूची भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा, एवढंच असतं. तीच कला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर नेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीला नुसता पांढरा चुना दिला, तरी उजेड आतपर्यंत पोचला. वाकळांच्या ढिगातली एक ठिगळांची, आजीनं स्वतः शिवलेली, सोफ्यावर पसरली.

महिन्यानं गेलो. खोली वाढवण्याचं मित्रानं पुढं ढकललं आहे. मुलगी टेबलाशी होती. आजीची मात्र तक्रार, "मास्तर, रस्त्यानं जाणारा जो तो 'जेवलीस का आजी' विचारतो. दुपारचा डोळा लागू देत नाहीत." तेव्हा खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुन्या लुगड्याचा पडदा लावायचं ठरलं. तो दोरीवर सरकता ठेवा, असं आजीनंच बजावलं. चार वाजता तिला तो उघडा लागतो.