घिवलीची पहाट

कोंकणपट्टींतील गांवाचें छायाचित्र म्हटलें म्हणजे समुद्रांत बुडणारा सूर्य, अशी शहरवासीयांची समजूत होऊन बसली आहे. बोईसर स्थानकावर उतरून तारापूर अणुवीज केंद्राशेजारच्या घिवली गांवीं जाणारा हौशी छायाचित्रकारही बहुधा संध्याकाळच गांठतो. परंतु जो पहाटे, अंधार असतांनाच तेथें पोंचतो, त्याच्या पदरीं अधिक पडतें.

सूर्योदयापूर्वीं कांहीं मिनिटें पूर्वेकडे पाठ करून समुद्राकडे पहावें. आकाश निरभ्र असल्यास क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो व त्याच्यावर फिकट गुलाबी झांक असते. तो पट्टा ढग नव्हे, धुकेंही नव्हे. ती पृथ्वीचीच आकाशांत पडलेली सावली होय. सूर्य वर येऊं लागला कीं ती समुद्रांत उतरते आणि दिसेनाशी होते. पौर्णिमेच्या सुमारास याच वेळीं चंद्र पश्चिमेस मावळत असतो, आणि पाणी ओहटलेलें असल्यामुळें ओल्या वाळूंत त्याचें प्रतिबिंब सांपडतें. किनाऱ्यावर हा हिशेब तोंडींच होतो: तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ निघते, आणि तिच्यापुढें सुमारें सहा तासांनीं ओहोटी. अष्टमीची भरती सहाच्या सुमारास. त्या पहाटे वाळूचें चित्र मनांत धरून निघालेल्यास पाणीच पाहून परतावें लागतें.

सूर्य वर आल्यावर मात्र समुद्राकडे कॅमेरा धरावा, तर स्वतःची लांबलचक सावलीच चित्रांत शिरते. तेव्हां गांवाकडे वळावें. तिरपा उजेड शेतांच्या बांधांवर, माडांच्या झावळ्यांवर, पसरलेल्या जाळ्यांवर आडवा पडतो आणि प्रत्येक वस्तूस उठाव येतो. दहा वाजतां तेंच दृश्य सपाट होतें. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली, त्या काळीं कांचेवर चित्र घेणाऱ्यांस इतक्या मंद उजेडांत यंत्र बराच वेळ उघडें ठेवावें लागे, आणि चालतें माणूस चित्रांतून पुसलें जाई. आज खिशांतला मोबाईलही तें टिपतो.

मात्र ही वेळ गांवाच्या कामाची असते. मासळी निवडीत बसलेल्या बायकांसमोर न विचारतां यंत्र धरणें हा निव्वळ उद्धटपणा. कोणी नको म्हटलें, तर तें चित्र सोडून द्यावें. अणुवीज केंद्राच्या आवाराचीं चित्रें घेण्यास तर कायद्यानेंच मनाई आहे.

त्या केंद्राचीं पहिलीं दोन संयंत्रें १९६९ सालीं सुरू झालीं. पुढें तिसऱ्या व चौथ्या संयंत्रांसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठवावीं लागलीं. तीं जागच्या जागीं होतीं तोंवर त्यांच्या ओट्यांवरचें सकाळचें ऊन टिपावयास कोण कशास जाईल? गांव हललें म्हणजे मागाहून शोध होतो तो अशाच चित्रांचा. सूर्यास्त तर पेटीभर निघतात. घिवलीस पहाटे जाणाऱ्यानें दोनचार चित्रें घरांचीं, विहिरीचीं, वाटांचींही घ्यावीं, त्यांवर तारीख व ठिकाण लिहावें, आणि पुढल्या खेपेस एक प्रत त्या त्या घरीं पोंचती करावी.