होतकरू बातमीदारास शिष्यवृत्ती
(कुकटपल्ली येथील महोत्सवात केलेले भाषण)



डॉक्टरी वा इंजिनिअरीसाठी अर्ज आला की आपण आनंदाने मदत करतो. बातमीदारीचे नाव काढताच मात्र विचारात पडतो. आम्हा शिक्षकांना हे खटकते.

२००० साली रामोजी फिल्मसिटीतून ई-टीव्ही मराठी वाहिनी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील कितीतरी तरुण बातमीदार हैदराबादेत आले. त्याच समूहाच्या पत्रकारिता विद्यालयाने शिकत्या मुलांना विद्यावेतन दिले; त्यामुळे गरिबाघरच्या मुलासही ही वाट धरता आली.

परंतु अन्नदात्याची खुशामत करणारी लेखणी काय कामाची? याच शहरात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतातील विलीनीकरणाची बाजू निर्भयपणे मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. लिहिता हातही तोडला. त्यांनी तिशीही ओलांडली नव्हती.

म्हणून आमची विनंती आहे, न्यासाने दरवर्षी एका होतकरू बातमीदारास शिष्यवृत्ती द्यावी. हिशेब मागावा तो अभ्यासाचा, मतांचा नव्हे. उद्या त्याने आपल्याच न्यासाची चूक दाखविली, तरी त्याचा पुढचा हप्ता थांबू नये.