डोंगरावरचे निजलेले शेत

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला नकाशाचे वेड असते, आणि ते वेड त्याला कधीकधी तोंडघशी पाडते. काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन रायगड जिल्ह्यातल्या एका ठाकूरवाडीवर गेलो होतो. जमिनीचा वापर कागदावर उतरवायचा, एवढेच काम. मुलांनी भातखाचरे पिवळी रंगवली, वाडीच्या वरची झुडपे हिरवी रंगवली आणि खाली लिहिले, 'वन'. वाडीतले एक आजोबा शेजारी उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, ह्ये रान न्हाय. ही आमची दळी हाय. यंदा निजलीय."

निजलेले शेत! ते कोणत्या रंगाने दाखवायचे, हे माझ्या पुस्तकात नव्हते.

दळी म्हणजे काय, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. उतारावरचा झाडोरा तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत नाचणी-वरी पेरायची, आणि जमीन थकली की तिला विसावा देऊन दुसरीकडे जायचे. ईशान्य भारतात हीच झूम, बैगांची बेवर. आज मात्र मी आपल्याला जरा लांब, लाओस देशात नेणार आहे. आजोबांच्या प्रश्नाला तिथे नीट हात घातला गेला आहे.

लाओस हा थायलंड आणि व्हिएतनाम यांच्यामधला डोंगराळ देश. आकाराने महाराष्ट्राहून लहान, आणि २००५ च्या जनगणनेत लोकसंख्या अवघी ५६ लाख. मेकाँगच्या सखल काठाला पाण्याचे भात. उत्तरेच्या डोंगरांत फिरती शेती. आता साधा हिशेब करा. एका कुटुंबाचे दहा तुकडे आहेत आणि दरसाल ते एकच पेरते. तुम्ही विमानातून किंवा उपग्रहातून एका दिवसाचे छायाचित्र घेतले, तर त्यात शेत दिसेल एक. उरलेल्या नऊ तुकड्यांवर कुठे गवत, कुठे झुडूप, कुठे कोवळे रान. नकाशा म्हणणार, इथे जंगल आहे, नाहीतर पडीक आहे. शेतकऱ्याच्या शेताचे नऊ हिस्से कागदावरून नाहीसे!

हा नुसता कागदाचा घोटाळा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. पण १९९० नंतरच्या दशकात लाओस सरकारने गावोगाव जमीन आणि जंगल वाटून देण्याची मोहीम काढली. फिरती शेती बंद करायची, म्हणून कुटुंबामागे तीन-चार तुकडे, बाकीचे जंगल. तीन तुकडे म्हणजे दर तिसऱ्या वर्षी पुन्हा त्याच जमिनीवर. इतक्या थोड्या विसाव्यात सावली दाटत नाही, तणाचे बी मरत नाही. खुरपणीला अंत राहत नाही, राख थोडी पडते आणि भात उतरते. फिरत्या शेतीने जमीन नासते असे जे म्हणतात, ते पुष्कळदा ह्या आखूड केलेल्या फेऱ्याचे फळ असते, बरं का.

ह्यावर स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाशी संबंधित मेसर्ली, हायनिमान आणि एप्रेश्ट या अभ्यासकांनी २००९ साली एक युक्ती मांडली. एकेक ठिपका वेगळा पाहायचा नाही. त्याच्या भोवतालचा मुलूखही पाहायचा. ताजे शेत, झुडूप आणि रान ही एकमेकांत मिसळून आली, म्हणजे तो सगळा मुलूखच फिरत्या शेतीचा धरायचा. गोधडीचा एकच तुकडा पाहून गोधडी ओळखत नाही, तसेच हे. मग त्या मुलुखावर जनगणनेतली गावे ठेवली, की तिथे किती माणसे राहतात आणि कशी राहतात, हे विचारता येते.

गरिबीचे नकाशे ह्याच मंडळींनी लाओसच्या सरकारी आकड्यांवरून एक वर्ष आधी, २००८ साली, केले होते. त्यांत एक गंमत आहे. गंमत कसली, पेचच म्हणा. शेकडा किती लोक गरीब, असा नकाशा काढला की दूरचे डोंगर गडद होतात. पण गरीब माणसे मोजून दर माणशी एकेक ठिपका दिला, की ठिपक्यांची दाटी मेकाँगच्या सखल भागात, कारण वस्तीच तिथे दाट. दोन्ही नकाशे खरे. पहिला पाहणारा पैसा डोंगरात पाठवील, दुसरा पाहणारा सपाटीवर. मला विचाराल तर दोन्ही एकत्र टांगावेत, आणि शेजारी तिसरा: गावापासून जवळच्या शहराला पोचायला किती तास लागतात त्याचा. मैलांनी अंतर मोजणे हे सपाटीवरच्या माणसाचे काम आहे. बाळंतीण अडली तर मैल उपयोगाचे नाहीत. तासच मोजावे लागतात.

ह्या तिसऱ्या नकाशाचाही दुरुपयोग होतो. गावच रस्त्याशी आणून ठेवले की तास कमी होतात! लाओसमध्ये डोंगरावरची कित्येक गावे खाली आणली गेली. शाळा-दवाखाना जवळ आला हे खरे, पण पुष्कळ ठिकाणी खाली आधीच वसलेल्यांची जमीन होती. पोटापुरते भात कुठे पिकवायचे, हा प्रश्न उरला; शिवाय हिवतापाने गाठले.

२०१० पर्यंत फिरती शेती संपवायची, असे त्या सरकारने ठरवले होते. ते वर्ष उलटून गेले. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर लाओसवरची उपग्रहाची चित्रे पाहिली, तर डोंगरांतून धूर अजून निघताना दिसतो. आमच्या वर्गातल्या त्या जुन्या नकाशावर मुलांनी 'वन' हा शब्द खोडून वर पेन्सिलीने 'दळी, निजलेली' असे लिहिले आहे. रंग अजून ठरलेला नाही.